सहा ते नऊ

वेल्समधल्या आमच्या गावात सगळं पाटीच्या दगडाचं:
छपरं, उंबरे, कुंपणं, थडगी.
तेव्हा क्लबची पाटीही पाटीचीच,
हातभर लांब, डाव्या कोपऱ्याचा टवका उडालेली.
मर्व्हिननं छिन्नी घेतली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता
आणि नाव काय ठेवायचं यावर चौघांची जुंपली होती.
म्हणून त्यानं नुसती वेळ कोरली.
सहा ते नऊ.
नाव अजून ठरायचं आहे.

ही खोली म्हणजे खाणीतल्यांची डबा खायची जागा.
माणसं चहात पाव बुडवून वाद घालायची,
देव आहे का, संप करावा का, कुणाचा कुत्रा जास्त पळतो,
आणि निकाल वहीत लिहून ठेवायची.
चौथ्या बोगद्याचं छत बसलं
आणि वही मिटली.
पुलावर पोरं उभी राहू लागली, बापांचे कोट घालून,
बाह्या बोटांच्या खाली लोंबणाऱ्या.
त्यातल्या एकानं, मर्व्हिननं, कंपनीकडे किल्ली मागितली.
साहेब म्हणाला, कशाला?
हा म्हणाला, बसायला.

पुढचं त्याच वहीत आहे, उरलेल्या पानांवर.
'टेबल-टेनिससाठी गोदामाचं दार काढलं. गोदाम आता उघडंच.'
'मुलींना घ्यावं का? चर्चा. टेगवेन आधीच आत बसलेली आढळली.'
'आयव्हरनं खिडकी फोडली. आयव्हरनंच बसवली. तिरकी.'
खाण बंद पडली त्या वर्षी अक्षर बारीक होत जातं.
'कोणी आलं नाही. शेगडी पेटवली.'
'कोणी नाही. शेगडी पेटवली.'
असं एकोणीस वेळा, मी मोजलं.
विसाव्या दिवशी:
'दोघं आली. भांडली. उद्या येतो म्हणाली.'

भिंतीवर खुंट्या आहेत, आकडे घातलेल्या.
एक्केचाळीसवर कुणी कोट टांगत नसे.
नियम कुठे लिहिलेला नव्हता,
पण बारकी पोरंसुद्धा चाळीसवर दोन-दोन लोंबकळवायची.
मग लिव्हरपूलहून डॅरिल आला.
आई हॉटेलात चादरी बदलायला,
ह्याला आमच्या भाषेचा एक शब्द येईना,
आणि ह्यानं ओलं जॅकेट सरळ एक्केचाळीसवर फेकलं.
चेंडू टेबलावरून उडाला,
टपटपत कपाटाखाली गेला,
कुणी वाकलं नाही.
मर्व्हिन ऐंशीचा, शेगडीपाशी. खुंटी त्याच्या बापाची.
उठला.
जॅकेट काढलं, झटकलं,
कॉलर चाचपली, परत तिथेच अडकवलं.
'ही सैल आहे,' म्हणाला, पोराच्या भाषेत,
'ओझं मधोमध ठेवत जा.'

टेगवेनची लोवरी मी, आता चिटणीस.
समोर नगरपालिकेचा अर्ज:
संस्थेचे उद्दिष्ट, पन्नास शब्दांत.
'युवकांचा सर्वांगीण विकास' लिहिलं, खोडलं.
'व्यसनमुक्ती' लिहिलं. बाहेर दोघं सिगारेट ओढतायत. खोडलं.
'परंपरेचे जतन' लिहिणार होते, तेवढ्यात तेवीस वर्षांचा डॅरिल
तिरक्या काचेवरून फडकं फिरवता फिरवता
पोरांना आमच्या आजोबांच्या शिव्या घालू लागला,
अगदी शुद्ध उच्चारात.

मुलांची मनं म्हणजे कोरी पाटी, असं लोक म्हणतात.
या गावात मी कोरी पाटी पाहिलेली नाही.
इथे पोर येतं तेच कुणीतरी कोरलेलं,
कधी नीट, कधी घाव चुकून,
टवका उडालेलं.
आम्ही काही नवं लिहीत नाही त्यावर.
पावसातून आत घेतो, एवढंच.

उद्दिष्टाच्या चौकटीत शेवटी एक शब्द लिहिला.
बसायला.
एकोणपन्नास उरले.
खर्चाच्या रकान्यात: कोळसा, चार पोती.
खुंटीसाठी स्क्रू, एक.
पावणेसहा झाले. दारावर कुणीतरी लाथ मारतंय,
हात भरलेले असणार.